टोल बंद झाला त्या दिवशी मीही पेढा खाल्ला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोलवरची वाचकांची पत्रं गेले काही आठवडे तुमच्या अंकात येताहेत आणि मी ती पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचतो. बहुतेकांचा सूर एकच. गाडी घेताना कर घेतलात, पेट्रोलवर घेता, मग टोल कसला? मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. खात्याचं नाव काढलं की लोक आधी खड्डा दाखवतात आणि मग बोलायला लागतात, त्याची सवय आहे. तरी माझं मत सांगतो, ते फारसं कुणाला आवडणार नाही. टोल कमी करा, पण शून्यावर आणू नका. निदान पुलांवर तरी. असं का म्हणतो, हे कळायला एक जुनी हकिकत ऐकावी लागेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या शाखेत सात गाळ्यांचा एक पूल होता. गावाचं आणि नदीचं नाव लिहीत नाही, कारण त्या हकिकतीतली काही माणसं अजून आहेत. पुलाच्या अलीकडे पथकर नाका होता. नाका म्हणजे पत्र्याची टपरी आणि रस्त्यावर आडवा बांबू. बांबूच्या बुडाला दगड बांधलेला, त्यामुळे दोरी सोडली की तो आपसूक वर जायचा. नाक्याचा दरवर्षी लिलाव व्हायचा, ठेकेदार बदलायचे, पण दोरी धरणारा म्हातारा तोच असायचा. त्याची नजर अधू झाली होती. येणारा ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा आणि चुकायचा नाही. पावतीपुस्तक पातळ गुलाबी कागदाचं होतं. पावसाळ्यात कागद ओलसर व्हायचा आणि कार्बनची निळाई ड्रायव्हरच्या बोटांना लागायची.

पुढे पुलाचा खर्च वसूल झाल्याची अधिसूचना निघाली आणि नाका बंद झाला. आमदार आले. हार घातलेला बांबू करवतीनं कापायचा असं ठरलं होतं, पण ऐनवेळी करवत सापडेना, म्हणून तो नुसताच सोडवून कडेला ठेवला. नारळ फुटला, गुलाल उडाला, पेढ्यांचा खोका फिरला. मीही पेढा घेतला. खरं सांगायचं तर दोन घेतले. सगळे पांगल्यावर म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "सायेब, ह्यो बांबू घरला न्हेऊ का? आढ्याला येतोय." मी म्हटलं, न्या. टपरीत महिन्याभरात वडापाव सुरू झाला.

टोलचा पैसा आधीही थेट त्या पुलाला मिळत होता असं नाही. तो सरकारी तिजोरीतच जायचा. पण कमावता पूल म्हटला की दुरुस्तीची मागणी वर गेल्यावर साहेब निदान कागद उलगडून बघायचे. नाका उठला आणि तो पूल इतर शंभर पुलांसारखा एक झाला.

पुलांची पाहणी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करायची, असा आमच्याकडचा शिरस्ता. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं की मी आणि एक मैलकामगार (रस्त्याची निगा राखणारा मजूर) पुलाखाली उतरायचो. प्रत्येक खांबावर तांबड्या रंगाची खूण केलेली होती. तिथपासून शिसं बांधलेली दोरी सोडायची आणि नदीचा तळ किती खाली आहे ते मोजायचं. नाका उठल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी तिसऱ्या खांबाशी तळ हातभर खाली गेलेला सापडला. पुढच्या वर्षी आणखी. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पुलापासून हाकेच्या अंतरावर वाळूचा उपसा चालू होता आणि त्या वाळूचे ट्रक त्याच पुलावरून जात होते.

मी अहवाल लिहिला. खांबाभोवती मोठे दगड रचून पाया झाकावा, उपसा थांबवावा. काम तसं किरकोळ होतं, दगडाच्या काही गाड्या आणि पंधरा दिवसांची मजुरी. उत्तर आलं: "अनुदान उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल." हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा वाचलंय की आज झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. तीन वर्षं तोच अहवाल पाठवला, फक्त आकडा बदलून. मग माझी बदली झाली. काही वर्षांनी कळलं की पुलावर आधी जड वाहनांना बंदी आली, दोन्ही टोकांना लोखंडी कमानी बसल्या आणि शेवटी तो पूर्णच बंद झाला. एसटी नदीच्या अलीकडून वळायला लागली. पलीकडच्या गावांना २६ किलोमीटरचा वळसा. उसाच्या गाड्या, बाळंतीण, दहावीची पोरं, सगळ्यांना तोच वळसा. पुढे खांबाला भोवतीनं काँक्रीटचं जाड आवरण, म्हणजे जॅकेट, घालून पूल पुन्हा सुरू झाला. तोवर खर्च माझ्या दगडांच्या अंदाजाच्या कितीतरी पट झाला होता. पूल पडला नाही आणि कुणी मेलं नाही, म्हणून पेपरात बातमीही आली नाही.

महाडला ते नशीब नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई अशा दोन एसटी बसगाड्या आणि काही खासगी वाहनं अंधारात सरळ नदीत गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये उद्घाटन झालं. काम चांगलं झालं, त्याबद्दल शंका नाही. माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घोळते. पूल पडल्यावर पैसा, यंत्रं, माणसं, सही, सगळं १६५ दिवसांत मिळतं. पुलाखाली उतरून दोरी सोडायला आणि चार गाड्या दगड टाकायला मात्र अनुदान उपलब्ध होत नाही. गेल्या वर्षी, १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली. तो धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं.

म्हणून त्या पेढ्याची मला आजही थोडी शरम वाटते. त्या दिवशी टोल बंद करायला नको होता. ट्रकचा दर पाचावर आणून, मोटारीचा एकावर आणून, तो पैसा फक्त त्या पुलाच्या नावानं बाजूला ठेवायला हवा होता. पुलाच्या बांधकामाचा खर्च एकदा फिटतो. पूल नदीत उभा असतो तोवर त्याची देखभाल फिटत नाही.

आता 'आम्ही कर भरलाय' या मुद्द्याकडे येतो. भरलाय, हे खरंच. १० लाखांपर्यंतची पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर लागतो, महाग गाडीला टक्के वाढतात. १० लाखांवर १ लाख १० हजार, १५ वर्षांत वाटले तर रोजचे २० रुपये. पण हा पैसा रस्त्याच्या नावाच्या डब्यात पडत नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून पगार, पेन्शन (माझंही आलं त्यात), कर्जावरचं व्याज, योजना, सगळं वाटून मग जे उरतं त्यात रस्ते. इंधनावर केंद्राचा जो उपकर आहे त्याचा कायदा २००० सालचा, खास रस्त्यांसाठी केलेला. २०१८ मध्ये त्याच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि त्या पैशाला रस्त्याबाहेरच्याही वाटा फुटल्या. म्हणजे कर रस्त्यासाठी म्हणून दिला, तरी तो रस्त्यावर येईलच याची हमी नाही. टोलविरोधक हाच पुरावा टोलच्या विरुद्ध वापरतात. मला तो टोलच्या बाजूचा वाटतो, कारण एखाद्या पुलावर उभं राहून 'इथे आज किती जमले आणि इथे किती लागले' हे विचारण्याची सोय फक्त टोलमध्ये आहे. सोय आहे एवढंच म्हणतो. ती कुणी वापरू देत नाही, हा वेगळा भाग. त्याकडे येतोच.

त्याआधी, टोल कुणी किती द्यावा? यावर मी थोडा अधिकारानं बोलू शकतो, कारण मी वाहनं मोजलेली आहेत. राज्यमार्गांवर वाहतूक गणना होते. सात दिवस, चोवीस तास, पाळीपाळीनं. मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर कंदील ठेवायचा, तक्ता मांडीवर घ्यायचा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ट्रकचा रकाना वेगळा, एसटीचा वेगळा, मोटार, सायकल, बैलगाडी. एकदा हंगामात आमची पाळी आली. रात्रभर उसाच्या बैलगाड्या, एकीलाही दिवा नाही. बैलांच्या गळ्यातला आवाज आधी यायचा, मग उसाचा वास, आणि गाडी दिसायची ती सगळ्यात शेवटी. सकाळी बेरीज करताना प्रत्येक वाहनाला मोटारीच्या मापात बसवावं लागतं. मोटार म्हणजे १, ट्रक किंवा बस म्हणजे ३ आणि मोठी बैलगाडी म्हणजे ८. नवख्या मैलकामगाराला हे काही केल्या पटेना. "गाडीचं आट आन् ट्रकचं तीन?" त्याला समजावलं, हे वजनाचं माप नव्हे, रस्ता किती वेळ अडवून धरला त्याचं आहे.

वजनाचा हिशेब निराळा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या जवानांकडून रात्रंदिवस ट्रक फिरवून एक मोठी चाचणी घेतली गेली. रस्त्याची झीज ही अक्षावरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या (ॲक्सल), वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढते, असा तिचा निष्कर्ष. जगभरचे रस्ते आजही थोड्याफार फरकानं त्याच आधारावर आखले जातात. चौथा घात म्हणजे काय, ते बघा. अक्षावर २० टक्के जास्त माल भरला की रस्त्याचं नुकसान दुप्पट. मोटारीच्या अक्षावर अर्धा-पाऊण टन येतो, भरलेल्या ट्रकच्या अक्षावर दहा टन. गुणाकार मी करत नाही, आकडा तीस हजारांच्या पुढे जातो. आणि आपल्याकडे २०१८ मध्ये चार चाकांच्या एका अक्षाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली गेली. कागदावर वाढ तेरा टक्क्यांची दिसते, डांबराच्या हिशेबात ती साठ टक्क्यांच्या आसपास जाते. रस्ते तेच, मोऱ्या त्याच.

आम्ही खात्यात म्हणायचो, रस्त्याची रुंदी मोटारींसाठी आणि जाडी ट्रकसाठी. चौपदरीचा सहापदरी होतो तो मोटारींच्या गर्दीमुळे. खडीचे थर वाढतात ते ट्रकमुळे. त्यामुळे दोघांनीही द्यायला हवं, पण प्रमाण बघून. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ ला मोटारीला ३२० रुपये झाले आणि दोन अक्षांच्या ट्रकला ६८५. दुपटीहून थोडे जास्त. उद्या ट्रकला वीसपट लावा असं मी म्हणणार नाही. तो बोजा शेवटी कांद्याच्या आणि सिमेंटच्या पिशवीवरच येईल. पण नाक्यावरचा वजनकाटा तरी चालू ठेवा. मी ज्या ज्या नाक्यावर काटा बघितला, त्यावर धूळ होती किंवा ताडपत्री. कायद्यात बसणारा भरलेला ट्रक आणि कठड्याच्या वर माल आलेला ट्रक, दोघे एकच पावती घेऊन पुढे जातात. आमच्या त्या म्हाताऱ्यानं हे डोळे मिटून ओळखलं असतं.

आपल्याकडे सवलती देताना मात्र हे प्रमाणच सोडून दिलं जातं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं १२ नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी दिली. १४ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही वेशींवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, हलक्या वाहनांचा टोल मध्यरात्रीपासून माफ झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. (योगायोग असेल.) मुंबईकरांनी ५५ उड्डाणपुलांसाठी वीस वर्षांहून जास्त काळ टोल भरला, त्यांच्या ४५ रुपयांचा राग मला समजतो. एसटीला माफी दिली त्याचा आनंदच आहे, तिच्यात बसणाऱ्याकडे मोटार नसते. पण कंत्राट चालू असताना मोटारीला माफी दिली की ठेकेदाराला भरपाई द्यावी लागते. ती सरकार देतं, म्हणजे त्याच एकत्रित निधीतून. मग वर्षअखेरीला जिल्ह्यातल्या पुलांच्या दुरुस्तीच्या यादीवर कात्री चालते आणि कुठल्यातरी शाखा अभियंत्याला पत्र जातं की अनुदान उपलब्ध होताच. मोटारवाल्याचा टोल असा पुलापलीकडच्या गावानं भरलेला असतो. त्या गावात मोटारी किती असतील?

मी टोलचा भाट आहे असा समज होऊ नये म्हणून कोल्हापूरबद्दलही लिहितो. तिथे शहरातल्याच जवळजवळ ५० किलोमीटर रस्त्यांचं काम करून शहराच्या सगळ्या वाटांवर नाके बसवले होते. घर एका बाजूला, मंडई दुसऱ्या बाजूला. प्राध्यापक एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसं उन्हात रस्त्यावर उतरली, गावच्या गाव मागे उभं राहिलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो टोल रद्द झाला. ते आंदोलन रास्त होतं. ज्या रस्त्याला दुसरी वाट नाही, जो माणूस दिवसातून चारदा ओलांडतो, त्यावर टोल लावणं म्हणजे उंबऱ्यावर पैसे मागणं. तिथेही कंपनीला भरपाई सरकारनंच दिली, तेवढं लक्षात असू द्या.

लोकांचा खरा संताप पैशावर नाही, असं मला नाक्यावरच्या रांगांत उभं राहून वाटत आलंय. तो शब्द फिरवण्यावर आहे. द्रुतगती मार्गाचं बघा. २००४ मध्ये टोलवसुलीचे हक्क ९१८ कोटी आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी दिले. लोकांच्या डोक्यात २०१९ हे साल पक्कं बसलं. २०१९ आलं, गेलं, पुन्हा निविदा निघाली, नवा ठेका झाला, आणि आता २०४५ पर्यंत वसुली चालणार. एखादा म्हणेल, त्या रस्त्याला बोगदे, पूल, मिसिंग लिंक (घाट टाळणारा नवा जोडरस्ता), खर्च आहेच. असेल. मग तसं पहिल्या दिवशी सांगायचं होतं. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद होती. बांधकामाचा खर्च वसूल झाला की टोल ४० टक्क्यांवर आणायचा, म्हणजे पुढची वसुली देखभालीपुरती. माझ्या पेढ्याच्या हकिकतीत जे हवं होतं, ते नेमकं हेच. पुढे २०२३ मध्ये तीही सवलत गेली. एकीकडे शून्य, दुसरीकडे कायमचा पूर्ण टोल. मधली पायरी कुणालाच नको आहे.

शंका नाही, हिशेब दाखवल्याशिवाय लोक मधल्या पायरीला हो म्हणणार नाहीत. इथे मी खात्याचीच एक गोष्ट पुढे करतो. आमच्याकडे मापपुस्तक असतं, आम्ही एम. बी. म्हणतो. पानांना छापील क्रमांक. किती लांब, किती रुंद, किती खोल, हे जागेवर मोजून शाईनं लिहायचं. खाडाखोड केली तर शेजारी सही. पान फाडलं तर निलंबन ठरलेलं. पुस्तक हरवलं म्हणून मी एका सहकाऱ्याला तीन दिवस जेवण सोडून बसलेला बघितलाय. ठेकेदाराला पन्नास हजारांचं बिल द्यायचं तर सरकारला एम. बी. लागते. मग नाक्यावर रोज लाखो जमतात, त्याची एम. बी. कुठे आहे? फलक असतो, मान्य. रस्त्यापासून पन्नास फूट आत, झुडपात, अक्षर बोटाएवढं, तारीख दोन वर्षांपूर्वीची. आता जवळजवळ सगळा पैसा फास्टॅगनं येतो. कोणत्या मिनिटाला कोणतं वाहन गेलं याची नोंद यंत्रात आपोआप होते. कंदिलाखाली रेघा ओढायची गरज उरली नाही. मग रोज रात्री बाराला त्या नाक्याची आजची वाहनं, आजची रक्कम, एकूण वसुली, उरलेली रक्कम आणि त्यातून कोणत्या खांबाला, कोणत्या सांध्याला, कोणत्या मोरीला किती लागले, हे उघड करायला अडचण कसली? यंत्राला ते माहीत आहे, बँकेला माहीत आहे, ठेकेदाराला तर नक्की माहीत आहे. फक्त पैसे देणाऱ्याला माहीत नाही.

फास्टॅगच्या वार्षिक पासचंही असंच अर्धवट झालंय. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांत २०० फेऱ्या, म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं पास काढला. मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर नेहमीसारखे पैसे कापले गेले तेव्हा ते माझ्यावर चिडले, जणू काही मीच कापले. पास राष्ट्रीय महामार्गांचा, आणि हा रस्ता राज्याच्या महामंडळाचा, समृद्धीही तसाच. सामान्य माणसाला डांबर बघून ते कळायचं कसं?

विजेच्या गाड्यांबद्दल थोडं. अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून त्यांना टोल माफ आहे. धूर कमी होतो, चांगलं आहे. माझ्या पुतण्याचीही तसलीच गाडी आहे आणि तो मला ती चालवूही देतो. पण ती गाडी पेट्रोल पीत नाही म्हणजे इंधनावरचा उपकर देत नाही, आणि आता टोलही नाही. बॅटरीमुळे वजनानं ती जुन्या गाडीपेक्षा भारीच आहे. आज अशा गाड्या थोड्या आहेत म्हणून चाललंय. उद्या निम्म्या झाल्या की रस्त्याचा पैसा येणार कुठून, याचा विचार 'टोलमुक्त' म्हणणाऱ्यांनीही करायला हवा. इंधनाचा कर आटेल तेव्हा हातात टोलच उरेल, आणि तोवर आपण त्याचं नाव पार बदनाम करून ठेवलेलं असेल.

पत्र लांबलं. कापायचं असेल तर शेजाऱ्यांचा पास कापा, पुलाची हकिकत ठेवा.

तो पूल आता माझ्या मुलीच्या सासरच्या वाटेवर आहे. महिन्यातून एक-दोनदा जावयाच्या गाडीतून त्यावरून जातो, अर्थात फुकट. जॅकेट घातलेला तिसरा खांब लांबूनच जाडा दिसतो. मागच्या दिवाळीत मी गाडी थांबवायला लावून खाली उतरलो. तांबडी खूण केव्हाच पुसली गेली होती. जॅकेटच्या कडेला खळगा पडलाय, काठीनं बघितलं तर काठी सहज गुडघाभर आत गेली. नदीच्या वरच्या अंगाला दोन ट्रॅक्टर वाळूत उभे होते. जावई वरून हाका मारत होते, "अण्णा, चला, पाय घसरंल." मी संबंधित कार्यालयाला रीतसर पत्र लिहिलं, मोजमापासह. उत्तर अजून आलेलं नाही, पण त्यातलं वाक्य मला पाठ आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
(जिल्हा सातारा)